ताई, नेट गेलं

आमच्या नेटवाल्या ताई कधी निरोप घेत नसत. काम झालं की हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून दारापर्यंत जायच्या, एका पायात चप्पल घालायच्या आणि मागे वळून विचारायच्या, "चालतंय का?" आपण चालतंय म्हटलं की दुसरी चप्पल. फाटकाशी पुन्हा एकदा, "चालतंय का?" मग स्कूटी वळणावर दिसेनाशी व्हायची आणि दहा मिनिटांत फोन वाजायचा. तिसऱ्यांदा तेच. कॉलनीतली मंडळी यावर हसत. मला हसू आलं नाही, कारण त्या उन्हाळ्यात हाच प्रश्न मी दिवसातून पन्नास वेळा स्वतःला विचारत होतो.

तेव्हा शहराला सगळे औरंगाबादच म्हणत. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस रुसला होता. वाळूजच्या ज्या कारखान्यात मी स्टोअरला होतो तिथं आधी पाण्याची कपात झाली, मग पाळ्यांची, आणि दिवाळीनंतर आम्हा काही जणांना घरीच बसायला सांगितलं. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा. हातात एकच गुण, मराठी टायपिंग. त्याच्यावरच पुण्याच्या एका कंपनीचं काम मिळालं. जुन्या हस्तलिखित वह्यांची छायाचित्रं लॅपटॉपवर यायची, ती वाचून टाइप करायची. घरबसल्या. पण सकाळी दहा ते सहा लॅपटॉप त्यांच्याशी जोडलेला पाहिजे. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त तुटला की एक शेरा. पहिल्या महिन्यात तीन शेरे झाले की काम संपलं.

आम्ही राहायचो शहराच्या दक्षिण टोकाच्या सातारा परिसरात, बीड बायपासच्या आतल्या बाजूला. प्लॉट पडत होते, घरं उठत होती, रस्ते अजून मुरमाचे. तारेचं नेट तिथवर पोचलं नव्हतं, आणि मोबाइलचं नेट लॅपटॉप चालवण्याइतकं लागत नसे. बायपासवरच्या एका चार मजली इमारतीवर एका व्यापाऱ्यानं टॉवर उभारला होता. तिकडे तोंड करून आपल्या छतावर ताटलीएवढा पांढरा डबा बसवायचा, त्याची वायर घरात आणून एका छोट्या पेटीला जोडायची, आणि ती पेटी घरभर वायफाय द्यायची. हे सगळं बसवायला आणि बिघडलं की बघायला त्या व्यापाऱ्याकडे एकच माणूस होतं, त्या म्हणजे ताई. तिशीच्या, सडपातळ, ओढणी कमरेला करकचून बांधलेली. उत्तरेकडच्या पिशोर गावच्या. घरची मेंढरं. घरात आयटीआय केलेल्या त्या पहिल्याच.

पहिल्या दिवशी आल्या तेव्हा मी घामाने डबडबलो होतो. पेटीवरचे सगळे दिवे हिरवे, बायकोच्या मोबाइलवर नेट चालू, आणि माझ्या लॅपटॉपला मात्र एकही वायफाय दिसत नव्हतं. मेहुण्यानं दिलेला जुना लॅपटॉप, मला वाटलं गेला. मी तो ताईंच्या पुढ्यात सरकवला. त्यांनी हात मागे घेतले.

"तुमचा हात ठेवा काका. मी गेल्यावर माझा हात कुठून आणणार?"

मग त्यांनी मला डाव्या कडेवरून बोट फिरवायला लावलं. तिथं नखाएवढं एक बटण होतं, ते सरकलं होतं. पुढे ढकलल्याबरोबर नावांची रांग दिसायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताई हसल्या नाहीत. "लई जणांचं होतं असं," एवढंच म्हणाल्या. आणि मी कंपनीचं पान उघडून दाखवीपर्यंत खुर्चीच्या मागं उभ्या राहिल्या.

लॅपटॉपला हात न लावण्याचा त्यांचा हा नियम पुढेही कधी मोडला नाही. पासवर्ड बदलला आणि लॅपटॉप जुनाच धरून बसला, तेव्हा त्यांनी मला 'विसरा' हे बटण दाबायला लावलं. "आधी त्याला विसरू द्या. मग नव्यानं वळख करून द्या. जुनं डोक्यात ठिवून नवं जमत नाय." आणि नेट गेल्यावर आधी काय बघायचं, तेही त्यांनीच शिकवलं. "दोन गाठी हायेत काका. एक लॅपटॉपची अन् पेटीची, ती घरातली. दुसरी छतावरल्या डब्याची अन् टॉवरची. आधी मोबाइलवर बघा. मोबाइलवर चालतंय अन् लॅपटॉपवर नाय, तर घरातली गाठ सुटली. दोन्हीवर नाय, तर छतावरली. उगा समद्या गाठी सोडत बसू नका." मी हे एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं होतं. सुमन, माझी बायको, म्हणायची, आता याला हळदकुंकू तेवढं लावायचं राहिलंय.

ताई कुणाच्या घरी पाणी पीत नसत. एप्रिलच्या उन्हात तीन तीन छतं चढून यायच्या, ओठ सुकलेले असायचे, पण सुमन तांब्या घेऊन आली की म्हणायच्या, "राहू द्या काकू, टँकरचं पाणी हाय." पिशवीत स्वतःची बाटली असे, त्यातला घोटभर घ्यायच्या आणि झाकण दोनदा घट्ट करायच्या. चहाला मात्र नाही म्हणायच्या नाहीत. का, तर चहात पाणी कमी असतं, असं त्यांचं म्हणणं.

अशाच एका चहाला मी त्यांना विचारलं की इतक्यांदा का विचारता. त्यांनी कप खाली ठेवला.

"एका घरी मी नेट चालू केलं, काका. पेटीवरचे दिवे हिरवे झाले अन् मी म्हणलं, झालं. निघाले. त्या घरच्या पोरीचा नर्सिंगचा फॉर्म भरायचा होता, शेवटचा दिवस. दिवे हिरवेच राहिले, पण पान काय उघडलं नाय. तिनं मला फोन केला. मी दुसऱ्या छतावर होते, फोन खाली गाडीत." मग म्हणाल्या, "पुढल्या वर्षी तारीख आली तशी मी आपणहून गेले. म्हणलं, मी बसते संगं, भर फॉर्म. तर तिचं लगीन झालं होतं."

ताईंनी उरलेला चहा संपवला आणि कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला.

माझं खरं संकट त्यानंतर सुरू झालं. मधूनच एखाद्या सकाळी नऊच्या सुमाराला नेट जायचं. वायफायची खूण पूर्ण, पण वर पिवळा त्रिकोण. मोबाइलवरही तेच. म्हणजे छतावरची गाठ. ताईंना फोन करायचा, त्या दुसरीकडे अडकलेल्या, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यायच्या, आणि त्या येईपर्यंत सगळं आपोआप सुरू झालेलं असायचं. वायर तपासली, डब्याचं तोंड तपासलं, पेटी बदलली. काही सापडेना. पुण्याहून पहिला शेरा आला. त्यानंतरची खेप सुट्टीच्या दिवसांवर पडली म्हणून वाचलो; आठ दिवसांनी दुसरा. तिथल्या बाई फोनवर फार शांतपणे बोलायच्या, त्याची जास्त भीती वाटे. "अजून एकदा झालं तर माझ्या हातात काही नाही," म्हणाल्या. महिना संपायला आठवडा उरला होता. जेवताना माझं लक्ष पेटीच्या दिव्यांकडे असायचं.

ताईंचा चेहरा माझ्याहून उतरलेला. "मी आले की चालतंय, मी गेले की जातंय. असं कसं व्हईल?" असं स्वतःशीच म्हणायच्या. शेवटी त्यांनी मला सांगितलं, "काका, तुम्ही स्टोअरमधले ना? मग लिवून काढा. कवा गेलं, कवा आलं, कॅलेंडरवर." मी लिहिलं. ताई कॅलेंडरपुढे उभ्या राहून बघत होत्या. दर चौथ्या दिवशी सकाळी गेलेलं, दुसऱ्या दिवशी उन्हं उतरताना आलेलं. सुमन भाजी निवडत होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "अहो, हे तर टँकरचे दिवस आहेत."

ताई तिच्याकडे बघतच राहिल्या. "काकू, आता पुढला टँकर कवा?"

"उद्या. आठ-साडेआठला."

दुसऱ्या दिवशी सात वाजताच त्या दारात उभ्या. छतावर जाऊन डब्याशेजारी मांडी घालून बसल्या. मोबाइलवर त्या डब्याची ताकद दाखवणारा आकडा असतो, तो त्यांनी मला दाखवला. मोठा आणि स्थिर. शेजारच्या पवारांच्या छतावर, विटांच्या ओट्यावर, एक नवी काळी टाकी होती. पवार मूळचे गंगापूरकडचे, कापसाचं रान तिकडे, मुलाच्या नोकरीपायी इथं आलेले. टँकर चौथ्या दिवशी यायला लागला तशी त्यांनी मोठी टाकी आणून वर चढवली होती. ती आमच्या डब्याच्या आणि टॉवरच्या बरोबर मधे येते हे ताईंनी या बिघाडासाठी आल्या तेव्हा पहिल्याच खेपेला बघितलं होतं. पण ठोठावून पाहिली तर पोकळ वाजली, म्हणून त्यांनी तिचा विचार सोडून दिला होता.

टँकर आला. पवारांची मोटर घरघरायला लागली. पाणी टाकीत पडल्याचा आवाज यायला लागला आणि मोबाइलवरचा आकडा खाली यायला लागला. हळूहळू, टाकीबरोबर. अर्धी भरली असेल तेव्हा तो थरथरायला लागला आणि भरत आली तसा गेला. उभं राहिलं की समोर टॉवर स्वच्छ दिसत होता, टाकीच्या कडेवरून; खालचा डबा मात्र टाकीच्या आड होता.

"पाणी पितंय काका," ताई कुजबुजल्या. "रिकामं प्लास्टिक काय आडवत नाय. पाणी सिग्नल पितंय."

पावणेनऊ झाले होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. 'आबा' असं नाव दिसलं. त्यांचे वडील मेंढरं घेऊन चाऱ्याच्या शोधात गोदावरीच्या बाजूला उतरले होते, चार दिवस त्यांचा फोन लागत नव्हता, हे मला ठाऊक होतं. ताईंनी एक क्षण स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फोन उचलला. "आबा, बरा हायेस ना? मेंढरं? ... आबा?" फोन तुटला. त्यांनी उलट लावला, लागला नाही. पुन्हा लावला. मग ओठ घट्ट मिटून त्यांनी मोबाइल ओढणीत खोचला आणि कठड्यावरून हाक मारली, "पवारमामा!"

पवार वर आले. सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा कठीण झाला. "चार दिवसाचं पाणी हाय त्यात. ह्यांच्या नेटसाठी सोडून देऊ व्हय? टाकी हलणार नाय."

त्यांचं चुकतंय असं मलाही वाटत नव्हतं. ताईंनी दोन्ही हात हलवले. "नाय नाय मामा, पाण्याला हात लावू नका. पाणी ऱ्हाऊ द्या. मला वर जायचंय, पाण्याच्या वर. पाइप हाय का कुणाकडं, उंच?"

पाइप माझ्याकडेच होते. फाल्गुनात आमची बोअर आटली तेव्हा मोटरीबरोबर वर काढलेले लोखंडी पाइप कंपाउंडला लागून पडले होते. आम्ही एक उचलला तर दोघांना पेलवेना. जिन्यावर अडकला. मी घड्याळ बघत होतो, साडेनऊ. तेवढ्यात पलीकडून पाइपचं दुसरं टोक कुणीतरी उचललं. पवार होते. काही न बोलता आले होते.

पाइप जिन्याच्या खोलीला टेकवून उभा केला. ताईंनी डबा त्याच्या टोकाला आधीच आवळला होता. आता तो पाइप सरळ धरून तारेनं बांधायचा आणि टॉवरकडे बरोबर तोंड होईतो फिरवायचा. शिडीवर ताई. खाली पाइपाला मिठी मारून पवार. मला त्यांनी खाली पिटाळलं, "लॅपटॉपपाशी बसा, पान उघडायचा सोडू नका." सुमन जिन्यात मधोमध. मी ओरडायचो "नाही," सुमन वर ओरडायची "नाही," वरून ताईंचा आवाज यायचा, "मामा, डावीकडं. बोटभर. बोटभर म्हणलं, हातभर नाय!"

दहा वाजले. पिवळा त्रिकोण तसाच. दहा वाजून पाच मिनिटं. पासवर्ड दोनदा चुकला. वर शिडी खडखडली, सुमन किंचाळली, "ताई, जपून!" माझ्या मनात आलं, जाऊ दे हे काम, ताईंना काही व्हायला नको. मी उठलोच. आणि उठता उठता दिसलं, त्रिकोण नाहीसा झाला होता. पान उघडत होतं. वरून खाली, हळूहळू, पडदा उतरावा तसं.

"आलं!" मी ओरडलो. सुमन ओरडली.

दहा वाजून अकरा मिनिटांनी मी जोडला गेलो. शेरा लागला नाही.

ताई खाली आल्या. त्या पायरीवर बसल्या. पवारांच्या घरून तांब्या आला, आणि पवार म्हणाले, "आमच्या टाकीतलं हाय. पी पोरी." ताईंनी पहिल्यांदा कुणाच्या घरचं पाणी घेतलं. निम्मं प्यायल्या, निम्मं बाटलीत ओतलं आणि झाकण दोनदा घट्ट केलं. मग दुपारपर्यंत तिथंच बसून राहिल्या, एकदा माझ्या स्क्रीनकडे बघत, एकदा आबांना फोन लावत. संध्याकाळी ताईंचा फोन आला. आधी माझं चालतंय का ते विचारलं. मग म्हणाल्या, "आबा लागला काका. गंगापूरच्या पल्याड, ऊस काढलेल्या रानात हाय. मेंढरं समदी हायेत."

माझं काम टिकलं. पुढे दोन वर्षं ताई येत राहिल्या. मग बायपासकडून जमिनीखालची तार आमच्या गल्लीपर्यंत आली. मोठी कंपनी, कपड्यांवर नाव छापलेले तरुण, काम झालं की मोबाइलवर सही घ्यायचे आणि जायचे. टॉवरवाल्या व्यापाऱ्यानं धंदा विकला. ताई शेवटच्या आल्या त्या छतावरचा डबा काढून न्यायला. तो मालकाचा होता.

त्या दिवशी स्कूटीवर मागे त्यांचे वडील होते. लाल पागोटं, खांद्यावर घोंगडी, गाल आत गेलेले. मेंढरं विकली होती. सरकारी दवाखान्यात दाखवून येत होते, डबा काढणं वाटेतलं काम. ताई वर गेल्या आणि आबा आमच्या ओट्यावर बसले. सावकाश, शांत माणूस. मी त्यांना त्या सकाळची हकिकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं.

"मंगी लहानपणापासनं अशीच," म्हणाले. "मेंढरं वाघुरीच्या जाळ्यात कोंडली, मी मोजली, म्या म्हणलं, समदी हायेत. तरी ही उठायची अन् पुन्यांदा मोजायची. म्या रागवायचो. पर एकदा एक कमी निघालं बरं का. हिनंच हुडकून आणलं."

दोन वर्षं आम्ही त्यांना ताई म्हणत होतो. त्यांचं नाव मंगल आहे हे मला त्या दिवशी कळलं. त्या डबा पिशवीत घालून उतरल्या, आबांना हाताला धरून उठवलं, घोंगडी नीट केली. मी म्हटलं, आता काय करणार? "बघू," म्हणाल्या. जाताना काही विचारलं नाही. विचारण्यासारखं आमच्याकडे त्यांचं काही उरलं नव्हतं. स्कूटी वळेपर्यंत मी फाटकाशी उभा होतो.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. त्यातला एक पुन्हा कोरडा. मग आषाढात एका दुपारी पुण्याच्या नंबरावरून फोन आला. ताई होत्या. नेटच्याच एका कंपनीत, तक्रारी ऐकून घेण्याच्या कामाला लागल्या होत्या. खुर्ची, कानाला फोन, थंड हवा.

"इथं उठून जाता येत नाय काका. माणूस पल्याड रडकुंडीला आलेलं असतं अन् आपण खुर्चीत. छत बघायला मिळत नाय."

जेवणाच्या सुट्टीत बोलत होत्या. आबा त्यांच्याबरोबरच होते, अंथरुणाला खिळलेले. डॉक्टरांनी आता काही सांगायचं ठेवलं नव्हतं. दिवसभर एकच विचारत, तिकडं पाऊस झाला का. गावाकडे फोन लागत नव्हता, म्हणून त्यांनी मला लावला होता.

मी आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर होतो. सकाळपासून बाहेर पाहिलंही नव्हतं. पण त्या माणसाचे आत गेलेले गाल मला आठवले आणि मी म्हणालो, "झाला की ताई. चांगला झाला."

त्यांचा तोच हळू, काळजीनं भरलेला आवाज आला. "काका, बघून सांगताय का?"

मी उठलो. फोन कानाला लावूनच जिना चढलो. छत तापलेलं होतं, अनवाणी पायांना चटके बसत होते. मी उत्तरेकडे तोंड करून उभा राहिलो. आमच्या छतावरून पिशोर दिसणं शक्य नाही, पण बाजू ती.

"नाही ताई," मी म्हणालो. "अजून थेंब नाही. पण तुमच्या गावाच्या अंगाला काळं दाटलंय. बरंच दाटलंय."

"तुम्ही बघताय?"

"बघतोय."

"मग आबाला तेवढंच सांगते," त्या म्हणाल्या. "काळं दाटलंय म्हणून." सुट्टी संपली होती, त्यांनी फोन ठेवला.

मी बराच वेळ खाली उतरलो नाही. ढग तिथंच होते.